मोचं वेगळं!

ब्रिटिश नागरिक व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागते. 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की पास. तिच्यासाठी सरकारमान्य पुस्तक आहे आणि ते इथल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. विकत घेतलेलं क्वचितच. कुणाकडून तरी मागून आणलेलं आणि आधीच्या माणसानं हायलायटरनं पिवळंधमक करून ठेवलेलं. माझ्याकडे आलेल्या प्रतीत आठव्या हेन्रीच्या सहा बायकांपुढे कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या: घटस्फोट, मुंडकं, मेली, घटस्फोट, मुंडकं, वाचली. त्या क्रमानं मला अजून पाठ आहेत. शेख दीन महोमेदही पाठ आहेत. बंगालच्या फौजेतून इकडे आले, 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, आणि आपल्याकडची चंपी इंग्रजांना ‘शाम्पू’ म्हणून शिकवली.

खेळाडूंच्या पानावर मो फराह होता. ब्रिटिश धावपटू, जन्म सोमालिया, 2012 च्या ऑलिंपिकमध्ये 5,000 आणि 10,000 मीटरची सुवर्णपदकं, 10,000 मीटरमध्ये सुवर्ण मिळवणारा पहिला ब्रिटन. मी तेही घोकलं. ज्याचं नाव पाठ करून आम्ही नागरिकत्व मिळवतोय त्याला स्वतःचं नागरिकत्व दुसऱ्याच मुलाच्या नावावर मिळालं होतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही नसावं.

मी राहते हाउन्स्लोला, हीथ्रोच्या अगदी कुशीत. विमानं इतकी खालून जातात की अंगणात कपडे वाळत घालताना पोटावरचं कंपनीचं नाव वाचता येतं. हाय स्ट्रीटवर पंजाबी मिठाईवाले, सोमाली कॅफे, पोलिश किराणा. मराठी माणसं तुरळक. आमची खरी वस्ती स्लाव, हॅरो, रेडिंगकडे. हाउन्स्लोहून बसनं आयलवर्थ जवळच. तिथे पोस्टाची एक सोनेरी पेटी आहे. 2012 मध्ये प्रत्येक ब्रिटिश सुवर्णविजेत्यासाठी रॉयल मेलनं त्याच्या गावातली एक लाल पेटी सोनेरी रंगवली. पुढे कायमची तशीच ठेवायची ठरली. मोच्या दोन आहेत, एक टेडिंग्टनला आणि एक आयलवर्थला. त्यावर त्याच्या नावाची छोटी पाटी आहे. पत्र टाकायला गेलेली पोरं हमखास पेटीला टेकून डोक्यावर दोन्ही हातांचा ‘एम’ करतात आणि फोटो काढतात. तो ‘मोबॉट’. मीही काढलाय.

4 ऑगस्ट 2012 ची, लंडन ऑलिंपिकमधली ती रात्र ज्यांनी इथे पाहिली ते अजून तिची आठवण काढतात. पाऊण तासात तीन सुवर्णपदकं. जेसिका एनिस, जिचे वडील मूळचे जमैकाचे. ग्रेग रदरफोर्ड, लांब उडीवाला, लालसर केसांचा, अस्सल इथला. आणि मो. 10,000 मीटर, 27 मिनिटं 30 सेकंद. शेवटच्या फेरीला त्याचे डोळे मोठे झाले होते आणि ऐंशी हजार लोकांच्या आवाजानं शेजारच्या घरातला टीव्ही आणि आमचा टीव्ही यांत फरक राहिला नव्हता. शर्यत संपल्यावर छोटी मुलगी ट्रॅकवर धावत आली, गरोदर बायको आली. पत्रकार परिषदेत कुणीतरी विचारलं, सोमालियासाठी धावायला आवडलं असतं का? तो म्हणाला, “हे बघ मित्रा, हा माझा देश आहे.”

तो प्रश्न त्या रात्री उद्धट वाटला, पण त्याच वर्षी तो या ना त्या रूपात सगळीकडे विचारला जात होता. मार्चमध्ये इस्तंबूलला जागतिक इनडोअर स्पर्धेत अमेरिकेत जन्मलेल्या टिफनी पोर्टर या ब्रिटिश संघाच्या कर्णधाराला एका पत्रकारानं राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळी म्हणून दाखवायला सांगितल्या. अशा खेळाडूंना वर्तमानपत्रात ‘प्लास्टिक ब्रिट’, म्हणजे नकली ब्रिटिश, म्हणत. ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात 1948 साली कॅरिबियन बेटांतून माणसं घेऊन आलेल्या ‘विंडरश’ जहाजाची प्रतिकृती मैदानात आणली, तर सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारानं सगळ्या सोहळ्यालाच डाव्यांचा बहुसांस्कृतिक कचरा म्हटलं. आठवड्याभरात मो जिंकला आणि ही सगळी मंडळी गप्प झाली. गप्प झाली म्हणजे मतं बदलली, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं.

पुढच्या वर्षी, जुलै 2013 मध्ये, होम ऑफिसनं, म्हणजे इथल्या गृहखात्यानं, लंडनच्या सहा बरोंमध्ये (बरो म्हणजे स्वतःचं काउन्सिल असलेला शहराचा भाग) जाहिरातीच्या व्हॅन फिरवल्या. त्यातलं एक हाउन्स्लो. व्हॅनवर बेड्यांचा मोठा फोटो आणि मजकूर साधारण असा: बेकायदा राहताय? घरी जा, नाहीतर अटक होईल. खाली, गेल्या आठवड्यात तुमच्या भागात 106 अटका. तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असा निवाडा पुढे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनं दिला आणि ती जाहिरात बंद पाडली. पण तोवर ती फिरून झाली होती. आयलवर्थ हाउन्स्लो बरोतच येतं. म्हणजे एकाच काउन्सिलच्या हद्दीत, वर्षभराच्या अंतरानं, सोमालियाहून आलेल्या एका पोराच्या नावानं सरकारी पेटी सोन्याची झाली आणि तशाच पोरांसाठी ती व्हॅन आली. मला यात ढोंग दिसत नाही. पेटी रंगवणाऱ्याला मो मनापासून आवडत होता आणि व्हॅन पाठवणाऱ्यांनीही त्या रात्री टाळ्या वाजवल्या असणार. एकाच माणसाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी सुखानं नांदतात. मी रोज बघते.

2022 च्या जुलैमध्ये मोनं बीबीसीच्या माहितीपटात स्वतःची खरी गोष्ट सांगितली. तोवर तो सांगत आला होता की आईवडिलांबरोबर इकडे आलो. प्रत्यक्षात तो चार वर्षांचा असताना वडील यादवी युद्धात गोळी लागून गेले होते. त्याचं नाव हुसेन अब्दी काहिन. जन्म आजच्या सोमालीलँडमधला. आईनं जीव वाचवायला जुळ्या भावासोबत जिबूतीला पाठवलं. तिथून आठ-नऊ वर्षांचा असताना एक अनोळखी बाई त्याला विमानानं लंडनला घेऊन आली. त्याला सांगितलं होतं की नातेवाइकांकडे चाललोय. प्रवासाच्या कागदांवर फोटो त्याचा आणि नाव मोहम्मद फराह नावाच्या वेगळ्याच मुलाचं. ती त्याला घेऊन आली हाउन्स्लोच्या एका फ्लॅटमध्ये. त्याच्याजवळ नातेवाइकांचे पत्ते-नंबर लिहिलेला कागद होता. तिनं तो त्याच्यासमोर फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या कागदापाशी मी माहितीपट थांबवला होता. आमच्याच भागातला कुठला तरी फ्लॅट. तसलीच स्वयंपाकघरं, ओट्याखाली पांढरा पेडल-बिन, ज्यात आम्ही चहाचा चोथा टाकतो. त्या घरात तो दुसऱ्यांची मुलं सांभाळायचा, धुणीभांडी करायचा, तेव्हा जेवायला मिळायचं. बाथरूमला आतून कडी लावून रडायचा. पहिली काही वर्षं शाळा नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास फेल्टमच्या शाळेत नाव घातलं. इंग्रजी जेमतेम. पीटीचे सर ॲलन वॉटकिन्सन यांच्या लक्षात आलं की हा मुलगा फक्त ट्रॅकवर असताना वेगळा असतो. शेवटी त्यानं सरांनाच सगळं सांगितलं. सरांनी समाजकल्याण खात्याला कळवलं आणि मो एका मित्राच्या आईकडे राहायला गेला. तिथे सात वर्षं राहिला. चौदाव्या वर्षी लॅटव्हियाला शालेय स्पर्धेसाठी जायचं तर कागद नाहीत. सरांनीच खटपट केली आणि 2000 मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं, मोहम्मद फराह या नावानं.

माहितीपटात वकिलानं त्याला समजावलं की तांत्रिकदृष्ट्या हे चुकीची माहिती देऊन मिळवलेलं नागरिकत्व ठरतं आणि ते काढून घेता येऊ शकतं. ही गोष्ट बाहेर येताच होम ऑफिसनं जाहीर केलं की सर मो यांच्यावर कसलीही कारवाई होणार नाही. सगळ्या देशानं सुटकेचा श्वास टाकला, मीसुद्धा. त्याआधी महिनाभर, 14 जूनला, लहान होड्यांतून समुद्र ओलांडून आलेल्या काही जणांना रवांडाला पाठवण्यासाठी विमान तयार उभं होतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं आयत्या वेळी ते थांबवलं. तेच गृहखातं, तोच उन्हाळा.

त्या शनिवारी एका ओळखीच्या काकांकडे जेवायला बोलावलं होतं. काका सत्तरीच्या दशकात डॉक्टर म्हणून इथे आले. आता निवृत्त आहेत आणि बातम्यांवर बोलायला त्यांना माणसं लागतात. वरणभात वाढून झाला आणि विषय होड्यांवर आला.

“आम्ही कसे आलो? परीक्षा दिल्या, रांगेत उभे राहिलो, एकेक कागद शिक्क्यानिशी. आणि हे लोक रबरी होडीत बसतात आणि हॉटेलात राहतात.”

“काका, मो फराह पण खोट्या कागदांवर आला.”

“अगं, मोचं वेगळं!”

“काय वेगळं?”

“त्यानं देशाला काहीतरी दिलं.”

“नऊ वर्षांचा होता तेव्हा काय दिलं होतं?”

काका हसले. वाईट माणूस नाही. पापड घे म्हणाले. काकू मात्र वाढता वाढता म्हणाल्या, “आणि आपल्याला तेव्हा खोली कोण देत होतं? फोनवर हो म्हणायचे. दारात उभं राहिलं की खोली नुकतीच गेलेली असायची.” काका म्हणाले, “ते दिवस वेगळे.” काकांच्या जगात बऱ्याच गोष्टी वेगळ्या असतात.

हे मत फक्त गोऱ्यांचं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. रांगेतून आलेल्यांचा होडीतून आलेल्यांवरचा राग मी मराठी, गुजराती, पंजाबी घरांत जितका ऐकलाय तितका पबमध्ये ऐकला नाही (पबमध्ये मी कमी जाते हेही खरं). त्यामागे नुसती कोतेपणाची भावना नाही. फॉर्म भरताना, व्हिसाची फी भरताना, दर वेळी बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट काढताना माणूस खरंच पिळून निघतो, आणि मग आपल्या त्या त्रासाला काहीतरी किंमत असावी असं वाटतं. ती किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या गैरहजेरीतून वसूल होते.

मला मात्र राहून राहून फेल्टमच्या त्या शाळेची आठवण येते. पीटीच्या सरांचं लक्ष गेलं ते मुलगा धावत होता म्हणून. सर भले माणूस, त्यात शंकाच नाही. पण मो धावण्यात बेताचा असता तर? वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, इंग्रजी न येणारा, घरी भांडी घासणारा एक साधारण मुलगा असता तर त्याच्या नावाची चौकशी कुणी केली असती, आणि कधी? 2022 मध्ये जे माफ झालं ते सर किताबाला माफ झालं. किताब 2017 च्या नववर्षाच्या यादीतला. त्याच जानेवारीत ट्रम्पनी सोमालियासह सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत येण्यावर बंदी घातली तेव्हा मोनं लिहिलं होतं की महिन्याच्या सुरुवातीला राणीनं मला सर केलं आणि शेवटी अध्यक्षांनी परका केलं. मग परराष्ट्र खात्याचा खुलासा आला आणि त्याला ती बंदी लागू होणार नाही असं ठरलं. तिथेही त्याचं वेगळं झालं.

तरी मो नशीबवान. 2012 च्या त्या मोठ्या रात्री तो हरला नाही. 11 जुलै 2021 ला वेम्बलीवर युरो करंडकाच्या अंतिम सामन्यात रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी हुकल्या आणि रात्र संपायच्या आत त्यांच्या फोनवर माकडांची चित्रं येऊन पडली. साका एकोणीस वर्षांचा होता, आईवडील नायजेरियाचे. तिघंही जन्मानं इंग्रज, पण तेवढं पुरलं नाही. जर्मनीच्या मेसुत ओझिलनं 2018 मध्ये राष्ट्रीय संघ सोडताना हेच लिहून ठेवलं होतं की जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. त्यानं तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर काढलेला फोटो मलाही रुचला नव्हता. पण विश्वचषकातली सगळ्या संघाची हार त्या एका फोटोच्या खाती जमा झाली, हेही पाहिलं.

आपल्याकडे काय होतं, असं इथली मुलं विचारतात तेव्हा मी एजाझ पटेलचं उदाहरण देते. जोगेश्वरीचा पोरगा, आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर आपल्याविरुद्ध एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, 119 धावांत. लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. प्रेक्षक उभे राहिले, भारतीय खेळाडू अभिनंदनाला गेले, मराठी वर्तमानपत्रांनी ‘मुंबईकर’ म्हणून मथळे दिले. सुंदर दृश्य होतं आणि मी त्यावर कुरकुर करणार नाही. फक्त इतकंच की न्यूझीलंडचा पहिला डाव 62 वर आटपला होता आणि सामना आपण 372 धावांनी जिंकला. जून 2024 मध्ये अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरनं न्यूयॉर्कला कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं, मग रोहितला, तेव्हाही आमच्या मराठी ग्रुपवर ‘आपला मुलगा’ म्हणून लाडू फुटत होते. तोही सामना आपण सात गडी राखून जिंकला होता. अमेरिका जिंकली असती तर ग्रुपवर काय आलं असतं, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. आणि जोगेश्वरीच्याच एखाद्या चाळीत आज बाहेरच्या राज्यातून आलेलं आठ वर्षांचं पोर गल्लीत फिरकी टाकत असेल, तर त्याला मुंबईकर म्हणायला आपण किती बळींची वाट बघणार, तेही ठाऊक आहे.

इकडे नियम पुढे सरकत राहिले. 2025 च्या फेब्रुवारीत होम ऑफिसनं सूचना काढल्या की बेकायदा मार्गानं आलेल्यांचा नागरिकत्वाचा अर्ज यापुढे सहसा नाकारला जाईल, मग येऊन कितीही वर्षं होवोत. आमच्या ग्रुपवर त्यावर दोन अंगठे आले. मे महिन्यात नवी श्वेतपत्रिका आली. तिच्यात रांगेतून आलेल्यांसाठीही बातमी होती. कायमस्वरूपी वास्तव्यासाठी आता पाचऐवजी दहा वर्षं थांबावं लागेल, आणि ज्याचं देशाला योगदान जास्त त्याला ते लवकर मिळवता येईल. ग्रुप पेटला. आयटीतली, बँकांतली, हॉस्पिटलांतली पोरं, कुणाची चार वर्षं झालेली, कुणाची साडेचार. पार्लमेंटच्या संकेतस्थळावरच्या याचिकेची लिंक दिवसातून तीनदा यायला लागली. सगळ्यांत जास्त वेळा ती काकांकडून आली. त्यांचा भाचा रेडिंगला असतो, स्किल्ड वर्कर व्हिसावर, पाचव्या वर्षात.

मी सही केली. मग काकांचा फोन आला. भाच्यानं त्याच्या खासदाराला पत्र लिहिलंय, इंग्रजी एकदा बघशील का? भाचा मुलगा गुणी आहे, पत्रही नेटकं होतं. किती कर भरला, कुठली पदवी, एक दिवसही सरकारी मदत घेतली नाही, रविवारी फूड बँकेत काम करतो. शेवटच्या ओळीत होतं की गेल्या वर्षी रिचमंड पार्कात चॅरिटीसाठी 10 किलोमीटर धावलो आणि पदक मिळालं. सोबत फोटो. मी दोन स्वल्पविराम हलवले आणि म्हटलं, काका, पत्र छान आहे, पाठवू दे.

“पाठवू दे काय,” काका म्हणाले, “ते धावण्याचं शेवटी कशाला ठेवलंय? ते पहिल्या परिच्छेदात घे.”